डोळा राहून गेलेला पक्षी

ताईचा फोन आला तेव्हा मी ओसरीत चहाची बशी तोंडाला लावून बसलो होतो. पौषातली सकाळ, ऊन अजून अंगणाच्या अर्ध्यावरच आलं होतं. "वसंता, तुझे भाऊजी गेले," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं. रात्री जेवून झोपले, सकाळी ती चहा घेऊन गेली तर अंग गार. मग हळूच म्हणाली, "अन् तो भिंतीवरचा पक्षी मी पालथा केला बाप्पा. सारखा माह्याकडं पाहून राहिला होता. तू लवकर ये."

माझ्या करडीहून ताईच्या गावाला पोचायला तीन तास लागतात. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेल्यावर सरकारनं वसवलेलं हे गाव, सगळी घरं एका रांगेत, एका मापाची. अंगणात माणसं जमली होती. भाऊजींना खाली घोंगडीवर निजवलेलं, आणि त्यांच्या डोक्याच्या वरच्या भिंतीवर त्या पक्ष्याच्या चित्राची काच, तोंड भिंतीकडे करून टांगलेली. मागची बाजू आमच्याकडे. त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर पेन्सिलीची अक्षरं होती, मोठी, वेडीवाकडी, ओळ सोडून खाली घसरलेली. भाऊजींची शेवटच्या वर्षांतली अक्षरं. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. त्या दिवशी मात्र मी त्या भिंतीकडे पाठ करून बसलो. चष्मा खिशात होता, तो काढायची हिंमत झाली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

माझे भाऊजी दयाराम मास्तर. आमच्या भागात त्यांना 'ड्रॉइंग मास्तर' म्हणूनच ओळखत. शाळेत चित्रकला शिकवली, गावोगावच्या पाट्या रंगवल्या, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांचे पडदे रंगवले. तान्ह्या पोळ्याच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या पडवीत लाकडी नंदीबैलांची रांग लागायची. शिंगं, झूल, घुंगरमाळ, सगळं रंगवून व्हायचं आणि डोळे तेवढे कोरे राहायचे. डोळे पोळ्याच्या सकाळी, आंघोळ करून. ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "भाऊजी, आताच काहून नाही काढत? दोन मिनिटांचं काम." ते म्हणाले, "डोळा काढला का पाहणं सुरू होते, वसंता. मंग त्याच्यासमोर खोटं चालत नाही." मी हसलो होतो. मेहुण्यानं भाऊजींच्या बोलण्याला हसायचं असतं, तो आमचा हक्कच.

ती चित्रातली पाखरं त्यांच्या हाती लागली जंगलातल्या एका जुन्या रेस्ट हाऊसमध्ये. पाटी रंगवायला बोलावलं होतं. तिथल्या चौकीदारानं एका कपाटातला उधईनं खाल्लेला पसारा अंगणात आणून टाकला होता, काडी लावायचीच बाकी. त्यात एका भल्यामोठ्या पुस्तकाचा सांगाडा. पुठ्ठा नाही, शिवण सुटलेली, नाव-गाव असलेलं पान उधईच्या पोटात. अकरा पानं तेवढी धड निघाली. प्रत्येक पानावर एक पक्षी. भाऊजी ती पानं धोतरात गुंडाळून घेऊन आले आणि त्यांचा संसार तिथून पुढे दोन बायकांचा झाला, असं ताई म्हणते.

मला आधी वाटलं, छापलेली चित्रं आहेत, त्यात काय एवढं. भाऊजींनी मला उन्हात नेऊन भिंग दिलं. रेघा दगडावरून छापलेल्या, पण रंग हातानं भरलेला. प्रत्येक पानावर, प्रत्येक पिसात, कुणीतरी कुंचला टेकवलेला. कुठे रंग रेघेबाहेर गेलेला, कुठे कुंचल्याचा एक केस चिकटून राहिलेला. इंग्रज साहेब इथं पक्षी मारायचा, त्याची कातडी वाळवून विलायतेला पाठवायचा. तिथं चित्रकार त्या कातडीवरून चित्र काढायचा. मग एका मोठ्या खोलीत रांगेनं बसलेल्या बायका-पोरी समोरचा एक नमुना पाहून शेकडो पानं रंगवायच्या. "ह्यातल्या एकीनंही हे पाखरू जित्तं नाही पाह्यलं," भाऊजी म्हणायचे. "मेल्यावर पिसं टिकते, पण चोचीचा, पायाचा, डोळ्याचा रंग उडून जाते. म्हणून साहेबाच्या सारसाचे पाय पाह्य, राखेसारखे. अन् आपल्या वावरातल्या सारसाचे? लाल!"

मग त्यांचं काम ठरून गेलं. एकेक पान घ्यायचं, तो पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी जिवंत पाहायचा, आणि पानाच्या मागे पेन्सिलीनं लिहायचं. कुठं पाहिला, साहेबाचं काय बरोबर, काय चुकलं, आणि शेवटी 'पाहणारा', त्यापुढे आपलं नाव. पुढच्या बाजूला रंगाचा एक ठिपका लावायचा नाही. हळदीकुंकू बदकाच्या पानामागे मी वाचलेलं आठवतं: 'बोडीत पाहिला. साहेबानं कुंकू लावलं, हळद विसरला.' बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. त्या बदकाच्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपका असतो आणि टोक पिवळं असतं, ते टोक वाळलेल्या कातडीवर काळपटलं असणार. दहा पानांना त्यांना वीस वर्षं लागली. पेन्सिल खिळ्याला दोरीनं बांधलेली असायची, कारण ताई ती किराणा लिहायला पळवायची.

अकरावं पान करवानकाचं. नदीच्या रेतीत, खडकांत राहणारा उंच पायांचा, जाड चोचीचा, मातकट रंगाचा पक्षी. दिवसभर दगडासारखा बसून राहतो आणि दिवेलागणीला अशी किंकाळी मारतो की नवखा माणूस घाबरून उभा राहावा. त्या पानावर सगळं रंगवलेलं होतं, पिसं, चोच, पाय, पायाखालचा दगडसुद्धा. डोळा तेवढा कोरा. मधे काळी बाहुली आणि भोवती नुसता पांढरा कागद. "बाई जेवाले उठली असन अन् डोळा राहून गेला," भाऊजी म्हणायचे. ताई चिडायची, "आंधळं पाखरू घरात ठेवू नये." आणि हेच एक पान त्यांच्या खास जिवाचं. कारण त्यांचे वडील जुन्या गावाजवळ नदीच्या रेतीत डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांची वाडी, लावायचे. पोरपणी भाऊजी वाडी राखायला तिथं मांडवात असायचे, आणि सकाळी उठलं की वेलांच्या मधून ह्या पक्ष्याच्या पावलांची नक्षी उमटलेली दिसायची. तेवढा एक रंग ते पानाच्या पुढच्या बाजूला भरणार होते. पण पुन्हा पाहिल्यावर. मी म्हटलं, "भाऊजी, तुमी तं शंभरदा पाह्यला. पुस्तकातही लिहिलं आहे, पिवळा डोळा." ते म्हणाले, "पिवळे शंभर आहेत. हळदीचा, लिंबाचा, पिकल्या धानाचा. अन् आठवणीतला पिवळा दरसाल बदलते. पाहीन, त्याच दिवशी भरीन."

पण नदी थांबली नाही, उलटी वर आली. धरणात पाणी अडलं. मांडव, रेती, खडक, गाव, शाळा, हनुमानाचा पार, एकेक करून पाण्याखाली. सामान हलवलं त्या दिवशी ताईची भांडी उघड्या ट्रॉलीत होती आणि साहेबाची पाखरं दोन गाद्यांच्या मधे. ती ते अजून बोलून दाखवते. नव्या गावातून भाऊजी कितीतरी दिवस पाण्याच्या काठापर्यंत चालत जायचे. नुसतं पाणी. मासेमारांचे डोंगे, पाणकावळे, बगळे, सगळं होतं. रेतीवरचा तो एक पक्षी नव्हता. जिथं तो बसायचा त्या खडकावर आता किती हात पाणी आहे, ते मला बोटांवर मोजून सांगायचे.

मग साखरेनं डोळे धरले. एक डोळा पुरता गेला, दुसऱ्यानं खिडकीपाशी नाकाला लावून थोडंफार दिसायचं. दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवलं. असे हात धरणारे ते नव्हते. म्हणाले, "वसंता, तुमच्या करडीकडं नदीत अजून रेती आहे. मले काही आता दिसत नाही. तू जा, एक दिवस बस, तो पक्षी पाह्य, अन् येऊन मले त्याच्या डोळ्याचा रंग सांग. तू सांगशीन तो भरू." दुसऱ्या कुणाच्या नजरेवर त्यांनी आयुष्यात रंग भरला नव्हता. मी हो म्हटलं.

आता लिहितोच. मी एकदाच गेलो. सकाळी उठायला उशीर झाला, नदीवर पोचलो तोवर रेती तापली होती. थोडं इकडेतिकडे पाहिलं. रेतीचे ट्रॅक्टर चालू होते. काठावरच्या आंब्याखाली बसलो, डबा खाल्ला, आणि झोपलो. उठलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. घरी बायको म्हणाली, "दिसला काय?" मी म्हटलं, "दिसन कधीतरी." पुढच्या आठवड्यात भाऊजींकडे जायचं होतं. हातात काही नव्हतं. बसमध्ये ठरवलं... म्हाताऱ्याला बरं वाटेल. पिवळा तर पिवळाच ना.

ताईनं अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. भाऊजी पडवीत, ते पान मांडीवर. मला अजून ते सवाल-जवाब ओळीनं आठवतात.

"कुठं होता?"

"खडकावर. एकटाच."

"डोळा?"

"पिवळा."

"कोणता पिवळा?"

मी समोर पाहिलं, तोंडातून निघून गेलं, "मोहफुलासारखा. ताज्या."

भाऊजींनी तोंड अंगणाकडे वळवलं. अंगणात मोहाचा वास इतका दाटला होता की आंधळ्यालाही कळावं मी कुठून रंग उचलला. मग त्यांनी विचारलं, "उभा होता का बसून?"

"उभा."

"पाय नीट पाह्यले? मागचं बोट होतं?"

त्यांच्या मांडीवरच्या पानावर साहेबाचा पक्षी दगडावर उभा होता. पुढे तीन बोटं, मागे एक, कोंबडीसारखा पाय रोवून. मी ते पाहूनच उत्तर दिलं. वर विज्ञानाच्या मास्तरचा रुबाब. "होतं ना भाऊजी. चांगलं मागचं बोट टेकवून उभा होता."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. आणि ताईला हाक मारून रंगाचा डबा मागवला.

त्यांचा हात थरथरायचा म्हणून कुंचला माझ्या हाती. ते सांगत गेले, मी रंग कालवत गेलो. माझं मोहफूल त्यांनी बशी नाकाशी नेऊन पाहिलं आणि बाजूला सारलं. "अजून पिवळा टाक. थोडासा हिरवट. हां... आता पाह्य. जुळते?" मी म्हटलं जुळते. "नक्की?" नक्की. "वसंता, तू पाह्यला, मी नाही. पुन्हा पाह्य. नक्की?" तीनदा विचारलं त्यांनी मला. तीन वेळा दार उघडं करून दिलं, आणि तिन्ही वेळा मी आतच बसून राहिलो. मग मी त्या कोऱ्या जागेत रंग भरला. शेवटी धावड्याच्या डिंकाचा एक थेंब वर सोडायला लावला त्यांनी. जुने लोक असंच करत, त्यानं डोळ्याला पाणी येतं. थेंब सुकला आणि तो पक्षी पाहायला लागला. खरं सांगतो, माझ्या हातातला कुंचला खाली पडला.

त्यांनी ते पान दोन काचांमधे बसवून भिंतीवर लावलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्या घरी गेलो, पाटावर बसलो की तो डोळा माझ्यावर. जागा बदलली तरी माझ्यावर. संध्याकाळी दारातून तिरपं ऊन आत आलं की डिंक चमकायचा. मी जेवायला त्याच्याकडे पाठ करून बसायला लागलो. ताईनं एकदा विचारलंही, "काहून रे, भिंतीसंग भांडण झालं काय?" भाऊजी हसले. खाई त्याला खवखवे, हे ते बोलले नाहीत, पण हसण्यात ते होतंच असं मला आता वाटतं. माझं येणंजाणं कमी झालं. करडीहून निघायला काहीतरी कारण आड यायचं. शेवटचे चार महिने तर मी गेलोच नाही. हे मला फार लागतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. ताईनं काच खिळ्यावरून काढली, तशीच पालथी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे तुह्यासाठी ठेवलं आहे त्यायनं. वाच." मी चष्मा लावला. अक्षरं एकमेकांवर चढली होती, तरी वाचता आली.

'करवानक. साहेबानं चार बोटं काढली. बोटं तीनच, मागचं नसते. रेतीत रोज पाहिलेली पावलं. डोळा वसंतानं भरला. पक्षी पाहिला नाही.'

त्याखाली 'पाहणारा', आणि पुढे मोकळी जागा.

मी तीस वर्षं वर्गात पक्ष्यांच्या पायांचा तक्ता टांगला. कोणता पाय पोहणाऱ्याचा, कोणता पकडणाऱ्याचा, कोणता चालणाऱ्याचा, पोरांकडून घोकून घेतलं. विलायतेतल्या त्या खोलीतली बाई समोरचा नमुना पाहून रंगवत होती. तिला दुसरं काही दिसणारच नव्हतं. माझ्या घरापासून नदी सायकलवर जायच्या अंतरावर होती, आणि मीही चित्र पाहूनच चित्र सांगितलं.

"त्यायले मालूम होतं, ताई?"

"तू बसमधे बसला तवाच बोलले. त्याच सांजी लिहिलं. मी म्हटलं, मंग भरू काहून देलं? एवढ्या वर्साचा नेम मोडला. तं म्हणे, राहू दे, डोळा काढला का पाहणं सुरू होते. मी काही आता पाहत नाही. तो पक्षी वसंताले पाहीन, अन् वसंता कधी ना कधी त्याले पाहाले जाईन." ती पदरानं माझ्या हातातली काच पुसत होती, पुसून झाली तरी पुसत होती. "म्या म्हटलं, त्याले फोन करून सांगा ना. तं म्हणे, लाजन बिचारा. येनं बंद करन." मग म्हणाली, "तसंही तू येनं बंदच केलं."

मी ताईच्या पायाशी बसून रडलो. साठीच्या माणसानं रडावं तसं नाही, पोरानं रडावं तसं.

आता ती काच माझ्या खोलीत आहे, टेबलाच्या वर, तोंड समोर करून. बायकोला ती नको आहे, म्हणते पलंगावरून उठलं की पहिली नजरानजर त्याच्याशीच होते. मी तिला म्हटलं, राहू दे. माघ लागल्यापासून मी उजाडताना नदीवर जातो. ट्रॅक्टर यायच्या आधी. रेती आता पूर्वीइतकी राहिली नाही, जागोजागी खड्डे पडले आहेत, तरी वरच्या अंगाला खडक उघडे आहेत. मी बसून राहतो. टिटव्या दिसतात, धोबी पक्षी दिसतात, ढोकरी दिसते. दोनदा संध्याकाळी पलीकडच्या काठावरून ती किंकाळी ऐकली. पण ऐकणं म्हणजे पाहणं नाही, एवढं मला आता कळतं. कधी कधी मात्र उलटंच वाटतं. मी रेतीवर डोळे फिरवत असतो आणि त्या करड्या दगडांतला एक दगड कधीपासून माझ्याकडे पाहत असतो.

परवा पाण्याच्या कडेला ओल्या रेतीत पावलं सापडली. ताजी. खडकाच्या बाजूनं आलेली, पाण्यापर्यंत गेलेली, परत वळलेली. मी गुडघ्यावर बसलो. पुढे तीन बोटं. मागे काही नाही, सपाट रेती. मी प्रत्येक पाऊल पाहत त्यांच्या मागे खडकापर्यंत गेलो. तिथं रेती संपली आणि पावलंही. ऊन चढेपर्यंत थांबलो. डबा नेला नव्हता, आणि आंब्याकडे गेलो नाही.

घरी येऊन काच उतरवली, मागची बाजू सोडवली. भाऊजींच्या ओळींखाली माझ्या हातानं लिहिलं: 'पावलं पाहिली. बोटं तीन. पक्षी दिसला नाही.' 'पाहणारा'च्या पुढची जागा तशीच सोडली. पान पुन्हा काचेत घालून खिळ्याला टांगलं, आणि त्याच खिळ्याला दोरीनं एक पेन्सिल बांधून ठेवली. उद्या परत जायचं आहे.